झाकण ठेवून गेली

शुक्रवारी सकाळी सात वाजून दोन मिनिटांनी डॉ. शशिधर दाबके यांनी लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आपल्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक लिंक टाकली आणि खाली लिहिले, "आमच्या बँडचं पहिलं गाणं आज रिलीज झालं. सगळ्यांनी जरूर ऐका." मग फोन टेबलावर उताणा ठेवून ते कौतुकाची वाट पाहत बसले.

वाट पाहण्याचा त्यांना हक्कच होता. तीस वर्षे त्यांनी ऑपरेशन थिएटरात लोकांना झोपवण्याचे काम केले होते. माणसांना जागे ठेवण्याची संधी निवृत्तीनंतर प्रथमच मिळाली होती. मिरजेला मेडिकलला असताना ते कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मँडोलिन वाजवत. ती मँडोलिन इंग्लंडला आली आणि माळ्यावर जाऊन बसली. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती खाली काढली, तारा बदलल्या आणि एका मंगळवारी भीत भीत चाल्व्हीतल्या एका पबमध्ये शिरले. तिथे ग्रॅहम नावाचा निवृत्त प्लंबर बँजो वाजवत होता, शीला नावाची आडव्या बांध्याची बाई स्वतःपेक्षा उंच डबल बास सांभाळत होती आणि केव्हिन नावाचा पोस्टमन डोळे मिटून फिडल घासत होता. असे 'द चाल्व्ही ब्रूक बॉईज' तयार झाले. चाल्व्ही हा स्लाऊचाच एक कोपरा, आणि ब्रूक म्हणजे तिथून वाहणारा ओढा. बॉईजचे सरासरी वय एकसष्ट होते.

गाण्याचे नाव होते 'शी लेफ्ट मी द लिड'. शब्द इंग्रजी होते आणि त्यांचा अर्थ साधारण असा: ती सकाळच्या गाडीने निघून गेली, मोठे पातेले घेऊन गेली आणि मला ठेवून गेली नुसते झाकण. आता झाकण माझ्या हातात आहे, पण खाली शिजत काहीच नाही. चाल मात्र इतकी उडती होती की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ठेका धरत असे आणि दुःख तिसऱ्या कडव्यापर्यंत ध्यानात येत नसे.

हे शब्द डॉक्टरांचे नव्हते, त्यांच्या पत्नीचे, अलकाचे होते. अलका स्लाऊच्या शाळेत सव्वीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झाली होती आणि आता दर रविवारी मंडळाच्या मराठी वर्गात मुलांना 'तो पेन, ती वही, ते पुस्तक' शिकवत होती. गेल्या मार्चमध्ये ती बर्मिंगहॅमला लेकीकडे, तनयाकडे गेली. जाताना घरातले जाड बुडाचे मोठे पातेले घेऊन गेली, कारण तनयाची भांडी तिच्या मते भातुकलीतली होती. झाकण पिशवीत मावेना म्हणून ते ओट्यावरच राहिले. संध्याकाळी शशिधररावांनी फोन करून विचारले, "झाकण दिसतंय, पातेलं कुठाय? खिचडी कशात लावू?" अलका हसली आणि परतीच्या गाडीत रेडिंग येईपर्यंत तिने तीन कडवी लिहून काढली.

शशिधररावांनी ती वाचली आणि पुढच्या मंगळवारी बँडपुढे ठेवली. ग्रॅहमने बँजो बाजूला ठेवला आणि म्हणाला, "डॉक्टर, हे अस्सल कंट्री म्युझिक आहे. आमच्याकडे कोणीतरी कोणालातरी सोडून गेल्याशिवाय गाणं सुरूच होत नाही." तेव्हापासून तो त्यांना 'पोएट' म्हणू लागला. शशिधरराव खरे सांगणार होते, पण अलकाने आधीच शपथ घातली होती.

"माझं नाव कुठेही आलं तर बघा," ती म्हणाली होती. "रविवारी मुलांचे आईबाप येतात माझ्याकडे. बाई पबमध्ये म्हणायची गाणी लिहितात असं कळलं तर काय म्हणतील?"

"म्हणतील, बाई भारी लिहितात!"

"अहो, शपथ घ्या म्हणते ना."

त्यांनी घेतली. आणि अंगात मावत नसलेला अभिमान तोंडात धरून ते गेले सहा महिने गप्प बसले होते.

साडेसातला ग्रुपवर पहिला प्रतिसाद आला. नुसते जोडलेले हात. मग आणखी जोडलेले हात. मग 'काळजी घ्या' आणि त्यापाठोपाठ 'काळ हेच औषध'. नऊपर्यंत त्र्याहत्तर लोकांनी गाणे ऐकल्याचे दिसत होते आणि 'अभिनंदन' असे एकानेही लिहिले नव्हते. शशिधररावांना वाईट वाटले. गाणे आवडले नसेल तर तसे सांगावे, त्यात हात काय जोडायचे?

साडेदहाला दारावरची घंटा वाजली. दारात आशा उभी होती. आशा आणि तिचा नवरा जयंत दोन रस्ते सोडून राहत आणि दोन्ही घरांची तीस वर्षांची मैत्री होती. एरवी ती बोलत बोलतच आत यायची. आज हळूच आत आली, जणू घरात कोणी झोपले आहे.

"भावजी, पालकाची भाजी आणलीय. गरम करून खा," ती म्हणाली. "अलका नाहीये ना?"

"नाही, ती बर्मिंगहॅमला आहे. तनयाच्या मायराची नर्सरी बंद झालीय, छतातून पाणी गळतंय. तीन आठवडे मायराला सांभाळायला गेलीय."

"हो, हो," आशा इतक्या समजूतदारपणे म्हणाली की शशिधरराव गोंधळले. "सगळे आधी असंच काहीतरी सांगतात."

"सगळे म्हणजे?"

आशाची नजर ओट्यावर गेली होती. तिथे भांडी निथळायच्या जाळीत एक मोठे स्टीलचे झाकण एकटेच उभे होते. अलकाने या खेपेलाही पातेले नेले होते.

"झाकण," आशा पुटपुटली आणि तिने पदर नव्हता म्हणून कार्डिगनची बाही डोळ्यांना लावली. "म्हणजे खरंच..."

"अहो आशा, ते पिशवीत मावत नाही!"

"असू दे, भावजी. मला काही स्पष्टीकरण नको." आणि डबा ठेवून ती निघून गेली.

त्या गाण्याला कोणी आत्मचरित्र समजेल हे शशिधररावांच्या स्वप्नातही आले नव्हते. त्यांनी लगेच ग्रुपवर खुलासा टाकला: "मित्रहो, हे फक्त गाणं आहे. आमच्या घरी सगळं ठीक आहे." हा खुलासा वाचून ज्यांनी अजून गाणे ऐकले नव्हते त्यांनीही ते ऐकले. ज्यांनी ऐकले होते त्यांनी पुन्हा ऐकले, कारण सगळे ठीक असलेला माणूस सगळे ठीक आहे असे सकाळी अकराला जाहीर करत नाही.

संध्याकाळपर्यंत घरात सात डबे आले. शनिवारी अकरा झाले. फ्रीझरचे दार लागेना. जयंत शनिवारी दुपारी येऊन सोफ्यावर बसला आणि दहा मिनिटे काहीच बोलला नाही. ही त्याची सहानुभूती होती.

"शशी," शेवटी तो म्हणाला, "पुरुषांनी बोललं पाहिजे रे. आपण बोलत नाही. मी काय म्हणतो, आपण बॅडमिंटन सुरू करू."

"जयंता, अलका रविवारी फोन करून तुला स्वतः सांगेल."

"तिला कशाला त्रास देतोस? तिला स्पेस दे."

रविवारी फोन आला तो कुशलचा. कुशल मंडळातल्या एकांचा स्लाऊमध्येच जन्मलेला मुलगा. तो सॉलिसिटर होता आणि कौटुंबिक खटले हाताळायचा. "शशीकाका, मी कुशल बोलतोय. आई म्हणाली काकांना फोन कर. नो जजमेंट, ओके? फक्त एक सांगा, तुमचा घर कोणाची नावावर आहे?"

"अरे बाळा, आमचा घटस्फोट होत नाहीये!"

"गुड, गुड. काका, डिनायल इज टोटली नॉर्मल. पण ते गाणंमध्ये पातेला ती घेऊन गेली असा म्हटलाय ना, ते रायटिंगमध्ये नको होता. कोर्टात ते तुमचा अॅडमिशन, म्हणजे कबुली होतो."

शशिधररावांनी फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. लंडनच्या एजवेअरहून सुहासिनीताई होत्या. अलकाची थोरली बहीण, वय बाहत्तर, शाळेची निवृत्त हेडमिस्ट्रेस. त्या फोनवर 'हॅलो' म्हणत नसत.

"शशिधरराव, माझ्या बहिणीला तुम्ही काय केलंत?"

"ताई, काही नाही केलं."

"काही न करता बाई पातेलं घेऊन घराबाहेर पडत नाही. छत्तीस वर्षं संसार केला तिने. आणि तुम्ही त्यावर बँजो वाजवता?"

"मँडोलिन, ताई. बँजो ग्रॅहम वाजवतो."

पलीकडे जो श्वास ऐकू आला त्यावरून शशिधररावांना कळले की ही दुरुस्ती करायला नको होती.

रात्रीचे जेवण, म्हणजे कोणाची तरी मेथी, समोर घेऊन ते बसले असताना अलकाचा फोन आला.

"अहो, हे काय चाललंय? ताई मला विचारतेय, वकील केलास का. आशा चाळीस मिनिटं फोनवर होती. मला बोलूच देईना, नुसती 'मला सगळं कळतं' म्हणत होती. मी म्हटलं मायराला सांभाळायला आलेय, तर म्हणते, मुलांचा आधार असतोच."

"मलाही कोणी ऐकत नाही. हे बघ अलका, एकच उपाय आहे. गाणं तू लिहिलंस म्हणून सांगून टाकतो."

"खबरदार!"

"मग मी काय करू? माझ्याकडे अकरा डबे आहेत."

"सांगा की गाणं म्हणजे कल्पना असते."

"सांगितलं. आशाने झाकण पाहिलं."

मागे मायरा काहीतरी आपटत होती. मग अलकाने आवाज खाली आणून विचारले, "लोकांना शब्द कसे वाटले?"

"रडतायत सगळे."

"खरंच रडतायत?"

"कुलकर्णींनी सहा वेळा ऐकलं म्हणे. मिसेस कुलकर्णी त्यांना विचारत होत्या, तुम्हाला एवढं लागायचं कारण काय."

"तिसऱ्या कडव्याला रडले की दुसऱ्या?" अलका म्हणाली, आणि तिचा आवाज बदललेला शशिधररावांना स्पष्ट ऐकू आला. छत्तीस वर्षांत त्यांनी तो इतका खूश फार थोड्या वेळा ऐकला होता. एकदा तनया गणितात पहिली आली तेव्हा ऐकला होता.

"तिसऱ्या," ते म्हणाले. खरे तर त्यांना माहीत नव्हते.

"मला वाटलंच होतं," अलका म्हणाली.

पुढच्या तीन दिवसांत गाण्याने चांगलीच दौड मारली. मंडळी पुरावे शोधायला ते पुन्हा पुन्हा ऐकत होती. 'सकाळची गाडी' म्हणजे सव्वासहाची की पावणेआठची यावर ग्रुपच्या आत एक वेगळा ग्रुप निघाला होता, आणि त्यात शशिधरराव नव्हते. लिंक एजवेअरला गेली, हॅरोला गेली, तिथून पुण्याला आणि डोंबिवलीला गेली. मंगळवारी ग्रॅहम सरावाला आला तो हातात फोन नाचवतच. गाणे साडेचार हजार वेळा वाजले होते. त्यांच्या अंदाजाने ते वर्षभरात दोनशे वेळा वाजायचे होते.

"पोएट, तुझे लोक म्हणजे संगीताचे दर्दी!" ग्रॅहम म्हणाला. "आणि बर्कशरमधून इतक्या जणांनी ऐकलं म्हणून लोकल रेडिओवालीने फोन केला होता. उद्या लावणार आहे."

तिने लावले. लावण्याआधी मऊ आवाजात म्हणाली, "स्लाऊचे एक डॉक्टर, ज्यांनी आयुष्यभर इतरांच्या वेदना घालवल्या, आज स्वतःची वेदना गात आहेत." शशिधरराव गाडी चालवत होते. त्यांनी ती बाजूला घेऊन थांबवली आणि गाणे पूर्ण ऐकले. रेडिओवर, साऱ्या परगण्यात, आपल्या बायकोचे शब्द. त्यांचा ऊर भरून आला. शेजारून जाणाऱ्या, मंडळातल्या मीनल जोगळेकरांनी त्यांना स्टीअरिंगवर डोके टेकून बसलेले पाहिले आणि ती बातमीही ग्रुपवर गेली.

गाण्याचा प्रकाशन सोहळा शनिवारी दुपारी तीनला, चाल्व्हीतल्या एका सोशल क्लबच्या हॉलमध्ये होता. शीलाने पस्तीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि त्यातल्या दहा मोकळ्या राहतील असे तिला वाटत होते. पावणेतीनला हॉलमध्ये एकशे दहा मराठी माणसे होती. शशिधररावांना एकटे पडू द्यायचे नाही असे मंडळाने ठरवले होते. बारमागची मुलगी गांगरून गेली, कारण एकशे दहांपैकी नव्वद जणांनी चहा मागितला. पुढच्या रांगेत मध्यभागी, जांभळी रेशमी साडी नेसून आणि वर जाड कोट घालून, सुहासिनीताई बसल्या होत्या. त्या सहानुभूतीसाठी आलेल्या नव्हत्या.

तीनला पाच मिनिटे असताना दार उघडले आणि अलका आत आली. मागे तनया, तिच्या कडेवर मायरा. आशा धावत गेली.

"आलीस! बरं केलंस. मोठं मन लागतं गं."

"अगं, पहिला कार्यक्रम आहे यांचा. येणारच ना मी."

"तेच म्हणते मी," आशा म्हणाली आणि तिने अलकाचे दोन्ही हात घट्ट धरले.

बॉईज स्टेजवर आले. एवढी गर्दी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. केव्हिनने तर डोळे आधीच मिटून घेतले होते. पण ग्रॅहमने बँजोवर सुरुवात केली, शीलाने खालून धपधप ठेका दिला आणि शशिधररावांची मँडोलिन त्यात अशी मिसळली की पहिल्या कडव्यालाच मराठी वर्गातली पोरे मधल्या जागेत उड्या मारू लागली. मोठी माणसे मात्र स्तब्ध होती. पुरुष चष्मे पुसत होते. बायका एकदा अलकाकडे, एकदा स्टेजकडे पाहत होत्या. अलका सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभी होती आणि प्रत्येक ओळीबरोबर तिचे ओठ हलत होते. हेही सगळ्यांनी पाहिले, आणि बिचारी काहीतरी पुटपुटते आहे, बहुधा देवाचे नाव घेत असावी, असा अर्थ काढला.

गाणे संपले. टाळ्या सुरू व्हायच्या आत सुहासिनीताई उभ्या राहिल्या. हेडमिस्ट्रेस उभी राहिली की टाळ्या वाजत नाहीत.

"शशिधरराव, वाजवलंत छान," त्या म्हणाल्या. "पण घरातलं असं चव्हाट्यावर आणायचं? सगळ्यांसमोर आणलंत, आता सगळ्यांसमोर माफी मागा."

शशिधररावांनी मागच्या भिंतीकडे पाहिले. अलकाने हलकेच मान हलवली: नको. त्यांनी शपथ पाळली. "ताई, माफ करा," ते माइकमध्ये म्हणाले. समोरच्या एकशे दहा माणसांनी सुस्कारा सोडला. आपल्या हातून न घडलेल्या गुन्ह्याची कबुली देताना शशिधररावांचे कान लाल झाले होते, पण आवाज स्थिर होता.

ताई खाली बसल्या असत्या तर प्रकरण तिथेच मिटले असते. पण वर्ग ताब्यात आला की शिक्षकाला आणखी दोन शब्द बोलावेसे वाटतात.

"आणि शब्द तरी कसले!" ताई म्हणाल्या. "झाकण काय, पातेलं काय! यमक जुळवायचं म्हणून स्वयंपाकघरातलं हाताला लागेल ते घातलंय. याला काही कविता म्हणत नाहीत."

"काय झालं कवितेला?" मागून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. अलका भिंत सोडून पुढे आली होती. नवऱ्याला माफी मागायला लावली तेव्हा जी गप्प राहिली, तिचा चेहरा आता चांगलाच तापला होता.

"यमकासाठी नाही घातलेलं झाकण. अख्खं गाणं झाकणावर उभं आहे. ते काढलं तर राहतं काय? आणि ताई, तू तिसरं कडवं नीट ऐकलं नाहीस. ते मी दोनदा लिहून खोडलंय. हे गाणं यांचं नाही. माझं आहे. मी लिहिलंय!"

शशिधररावांना वाटले, सुटलो. सहा महिन्यांचा अभिमान एका क्षणात बाहेर पडला आणि ते माइकमध्ये ओरडले, "तिनेच लिहिलंय! सगळं तिचं आहे!"

मग आशा हुंदका देऊन उठली आणि अलकाच्या गळ्यात पडली. "किती सोसशील गं! नवऱ्याची अब्रू वाचवायला हे पण स्वतःच्या अंगावर घेतलंस!"

"आशा, सोड. मी खरंच लिहिलंय."

"बघ शशी," जयंत स्टेजकडे पाहून म्हणाला, "बघ कशी बायको आहे तुझी. आणि तू आता तिच्यावरच ढकलतोयस?"

"लहानपणापासून अशीच आहे ती," सुहासिनीताईंनी शेजारच्या रांगेला सांगितले. त्यांचा आवाजही आता मऊ झाला होता. "लोणच्याची बरणी माझ्या हातून फुटली, तरी ही म्हणाली मीच फोडली."

"कारण मीच फोडली होती!" अलका म्हणाली.

कोणी ऐकत नव्हते. सगळीकडून तिच्या पाठीवरून हात फिरत होते. कुशल तिच्या कानाशी येऊन म्हणाला, "काकू, कोणी प्रेशर करत असेल तर आय कॅन हेल्प." सहा महिने तिने लपवले तर कोणाला संशयसुद्धा आला नाही, आणि आज भर सभेत मान्य केले तर कोणी मान्य करेना. ग्रॅहमला मराठी कळत नव्हते, पण काय झाले ते तनयाने त्याला समजावल्यावर तो थक्क होऊन शशिधररावांकडे पाहू लागला. त्याने इतके दिवस चुकीच्या माणसाला पोएट म्हटले होते.

अलकाने आशाचे हात बाजूला केले, पर्समधून नर्सरीच्या सूचनेचा एक घडी घातलेला कागद काढला आणि सरळ स्टेजवर चढली. कागदाच्या मागे पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिले होते.

"शीला, तोच ठेका धर," ती इंग्रजीत म्हणाली. "थोडा संथ."

"अलका, काय करतेयस?" शशिधररावांनी हळूच विचारले.

"या आठवड्यात मायरा झोपली की लिहीत होते. तुम्ही त्याच पट्टीत, जी मेजरमध्ये वाजवा."

तिला गायनाचा अभ्यास नव्हता. शाळेत पाढे म्हणून घ्यावेत तशा स्वच्छ, खणखणीत आवाजात तिने इंग्रजीत सुरुवात केली. मी बर्मिंगहॅमला गेले, दोन वर्षांच्या राणीसाहेबांच्या सेवेला. मागे वळून पाहिले तर माझा संसार मोडलेला. कोणी मला विचारले नाही, सगळ्यांत शेवटी ते मला कळले. हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसले. मग आला वकील, घराची मोजमापे घेणारा. मग थोरली बहीण, गुन्हा न विचारता शिक्षा सांगणारी. सुहासिनीताईंनी कोटाचे बटण लावले.

आणि मग आली शेजारीण. शेजारीण फोनवर म्हणाली, सखे, तू फारच भोळी. तुझ्या जागी मी असते ना, तर फ्राइंगपॅन नेला असता, कढई नेली असती, आणि नवऱ्याला झाकणसुद्धा ठेवले नसते.

"अगं हे मी फक्त तुला सांगितलं होतं!" आशा सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे ओरडली.

मँडोलिन थांबली. एकशे दहा माणसांनी आधी आशाकडे पाहिले, मग जयंतकडे, मग स्टेजवर कागद हातात घेऊन उभ्या असलेल्या अलकाकडे. जयंत अत्यंत सावकाश बायकोकडे वळला.

"कढईसुद्धा?" त्याने विचारले.

पहिले हसले ते कुलकर्णी. मग पुढची रांग, मग मागची, आणि मग एक असा आवाज झाला की मायरा दचकून रडू लागली आणि तिला शांत करायला कोणी हसू आवरेना. आशासुद्धा हसत होती, बाहीने डोळे पुसत. टाळ्या थांबेनात. मराठी वर्गातली पोरे "बाई! बाई!" करून ओरडत होती. ग्रॅहमने बँजो खाली ठेवला, अलकापुढे कमरेत वाकला आणि म्हणाला, "पोएट." शशिधरराव स्टेजवर एक पाऊल मागे सरकले आणि त्यांनी टाळ्या वाजवायला मँडोलिन काखेत धरली.

जाताना प्रत्येकाने अलकाशी हात मिळवला, पण जरा जपून. मीनल जोगळेकर म्हणाल्या, त्यांचे बोलणे कुठे गाण्यात येणार असेल तर आधी सांगावे, म्हणजे त्या नीट बोलतील. मराठी वर्गातल्या आरवच्या आईने विचारले की मुलांना गाणी लिहायलाही शिकवाल का. अलका म्हणाली, "बघू." आणि दोन मिनिटांनी परत जाऊन म्हणाली, "हो."

रविवारी सकाळी शशिधरराव लॅपटॉप घेऊन बसले. गाणे जिथून प्रसिद्ध झाले होते तिथे गीतकाराचे नाव बदलायचा एक फॉर्म होता. त्यांनी 'अलका दाबके' असे टाईप केले, अक्षरे पुन्हा तपासली, आणि बटण दाबल्यावरही बराच वेळ ते नाव पाहत राहिले. अलका समोर चहा घेऊन बसली होती आणि आपण तिकडे पाहत नाही असे दाखवत होती. एवढ्यात फोन वाजला. तिने तो स्पीकरवर टाकला.

"ते दुसरं गाणं," सुहासिनीताई म्हणाल्या, "तेही असंच काढणार आहात ना?"

"हो ताई. का गं? राग आला का?"

"राग कशाला येईल? सकाळपासून एजवेअरमध्ये सगळ्यांना फोन करून सांगतेय, माझ्या बहिणीने लिहिलंय म्हणून. पण त्या आशाला चार ओळी आणि मला दोनच? मी थोरली आहे."

अलकाने शशिधररावांकडे पाहिले. त्यांनी हसू दाबायला चहाचा कप तोंडाला लावला.

"ताई, तिथे आणखी ओळी मीटरमध्ये बसत नाहीत."

"मग मीटर बदल," ताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

अलका थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत बसली. मग तिने हात लांब करून नवऱ्याच्या खिशातली पेन्सिल काढून घेतली.